पांढऱ्यावरचा तपकिरी डाग

तो पेंग्विन तुमच्या फीडवर येऊन गेलाच असेल. बाकीचा कळप मागे राहिलाय आणि हा एकटाच पाठ फिरवून दूरच्या डोंगराच्या दिशेनं तुरुतुरु निघालाय. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘सेमिस्टर सुरू व्हायच्या आदल्या रात्री मी’. क्लिप तशी जुनी आहे. जर्मन दिग्दर्शक वेर्नर हरझोगच्या २००७ सालच्या ‘एन्काउंटर्स ॲट द एंड ऑफ द वर्ल्ड’ या माहितीपटातली. पेंग्विन अ‍ॅडेली जातीचा. त्याला जगाचा कंटाळा आला होता की तो बिचारा नुसता वाट चुकला होता, हे कुणालाच ठाऊक नाही. तरी आपण सगळ्यांनी त्याच्यात स्वतःला बघितलं.

मला तुम्हाला दुसऱ्या एका पेंग्विनबद्दल सांगायचंय. त्याची रील नाही, कारण तिथे कॅमेरा घेऊन कुणी उभंच नव्हतं. जे काही दिसलं ते ७८६ किलोमीटर उंचीवरून, एका उपग्रहाला. आणि दिसलं म्हणजे काय, तर पांढऱ्याशुभ्र बर्फावर एक तपकिरी डाग. मग तो डाग नाहीसा झाला.

ही गोष्ट २०२२ च्या शेवटाची. अंटार्क्टिकाच्या पश्चिम बाजूला बेलिंग्सहाउझेन नावाचा समुद्र आहे. त्याच्या काठाकाठानं एम्परर पेंग्विनच्या पाच वसाहती. त्या वर्षी तिथला समुद्री बर्फ पिल्लं मोठी व्हायच्या आतच फुटला. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या पीटर फ्रेटवेल आणि सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष असा, की पाचपैकी चार वसाहतींमध्ये त्या हंगामातलं एकही पिल्लू जगलं नसावं. एखाद्या वसाहतीचं एखादं वर्ष वाया जाणं नवं नाही. पण एवढ्या मोठ्या पट्ट्यातल्या वसाहती एकाच हंगामात एकदम रिकाम्या होणं पहिल्यांदाच नोंदलं गेलं.

यात बर्फ फुटण्याचा आणि पिल्लू मरण्याचा संबंध काय, असं तुमच्या मनात आलं असेल. पेंग्विन तर पोहतात ना? इथेच सगळी गोम आहे.

राणीबागेत २०१६ साली आणलेले पेंग्विन तुमच्यातल्या मुंबईकरांनी बघितले असतील. ते हम्बोल्ट. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांना मुळात बर्फ लागतच नाही. एम्परर हे वेगळंच प्रकरण. उंची एक मीटरच्या वर, वजन चाळीस किलोपर्यंत, आणि अंडी घालायची वेळ म्हणाल तर ऐन अंटार्क्टिक हिवाळ्यात. मे-जूनमध्ये मादी एकच अंडं घालते, ते नराच्या पायांवर सोपवते आणि खाण्याच्या शोधात समुद्राकडे निघून जाते. नर ते अंडं पोटाच्या घडीखाली घेऊन दोनेक महिने उभा. उणे चाळीस तापमान, सोसाट्याचा वारा, बहुतेक वेळ काळोख, आणि खायला काही नाही. वसाहतीवर आल्यापासून मोजलं तर त्याचा उपास जवळपास चार महिन्यांचा होतो. हजारो नर एकमेकांना चिकटून उभे राहतात आणि गर्दी हळूहळू फिरत राहते, म्हणजे कडेचा आत येतो, आतला बाहेर जातो. विरार लोकलच्या दारातल्या गर्दीपेक्षा हे बरंच समंजस आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये पिल्लू बाहेर येतं. अंगावर राखाडी मऊ पिसं. ही पिसं ऊब धरतात, पण पाणी अडवत नाहीत. पाणी न शिरणारी, पोहायच्या कामाची पिसं यायला डिसेंबरचा मध्य तरी उजाडतो. तोवर पिल्लाला पायाखाली घट्ट जमीन हवी. आणि एम्पररची ‘जमीन’ बहुतेक ठिकाणी जमीन नसतेच. किनाऱ्याला चिकटून गोठलेला समुद्र, हीच त्यांची जागा. एप्रिलपासून पुढच्या जानेवारीपर्यंत तो बर्फ हलता कामा नये, एवढी एकच अट. नोव्हेंबरात फुटला, तर पिल्लू पाण्यात पडतं, भिजतं आणि गारठून किंवा बुडून मरतं. तरंगत्या तुकड्यावर राहिलंच, तर आईबाप त्याला शोधू शकत नाहीत आणि ते भुकेनं जातं.

आता उपग्रहाला हे कसं कळतं? सांगायला जरा लाज वाटते, पण शिटेवरून. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. त्यात एकटा पेंग्विन दिसणं शक्य नाही. पण हजारो पेंग्विन एका जागी महिनोन्‌महिने राहिले, की बर्फावर तपकिरी डाग पडतो आणि तो अवकाशातून स्वच्छ दिसतो. समुद्री बर्फावर अशी वसाहत करणारा एम्पररशिवाय दुसरा कुणी नाही. त्यामुळे गोठलेल्या समुद्रावर तपकिरी डाग म्हणजे एम्परर, विषय संपला. ही युक्ती २००९ मध्ये फ्रेटवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यानं पहिल्यांदा वापरली. तोपर्यंत कित्येक वसाहती माणसाला माहीतच नव्हत्या. जानेवारी २०२४ मध्ये आणखी चार सापडल्या आणि एकूण आकडा ६६ वर गेला. यातल्या बऱ्याच वसाहतींपर्यंत आजवर एकही माणूस पोचलेला नाही.

याची किंमत कळायची असेल तर १९११ मध्ये जा. कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघं ऐन हिवाळ्यात, काळोखात, स्लेज ओढत केप क्रोझियरला एम्पररची अंडी आणायला गेले होते. तापमान उणे साठच्याही खाली. पाच आठवडे हा प्रकार चालला, तंबू वाऱ्यानं उडून गेला, थंडीनं चेरी-गॅरार्डचे दात तडकले. पाच अंडी घेतली, दोन वाटेत फुटली, तीन लंडनच्या संग्रहालयात पोचली. पक्षी सरपटणाऱ्या प्राण्यांपासून कसे आले याचा पुरावा त्या अंड्यांतल्या गर्भात मिळेल, अशी आशा होती. तसं काही हाती लागलं नाही. विल्सन आणि बॉवर्स पुढच्याच वर्षी स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवावरून परतताना मेले. तीन अंड्यांसाठी एवढं. आज तुम्ही हॉस्टेलच्या वायफायवर बसून त्याच खंडातली वसाहत बघू शकता.

बर्फ वाढत होता, तेव्हा

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण वादविवाद स्पर्धेत कुणीतरी ती तुमच्या तोंडावर फेकणारच आहे. उपग्रहांनी समुद्री बर्फ मोजायला सुरुवात केली १९७८ च्या अखेरीस. तेव्हापासून आर्क्टिकचा बर्फ घटत गेला, हे सगळ्यांना माहितीय. पण अंटार्क्टिकाचा? तो २०१४ पर्यंत घटत नव्हता, उलट किंचित वाढत होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात तो २ कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला, नोंदींमधला सर्वांत जास्त. ‘कुठाय तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?’ असं म्हणणाऱ्यांचा हा आवडता आलेख होता. आणि शास्त्रज्ञांकडेही याचं एका ओळीतलं उत्तर नव्हतं. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र, वारे, वितळून येणारं गोडं पाणी, सगळंच गुंतागुंतीचं.

मग २०१६ पासून चित्र उलटलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे तिथल्या उन्हाळ्याच्या शेवटी, फक्त १७ लाख ९० हजार चौरस किलोमीटर बर्फ उरला. नीचांक. आणि हिवाळ्यात तो भरून निघेल म्हणावं, तर तेही नाही. १० सप्टेंबर २०२३ ला बर्फ त्या वर्षाच्या कमाल मर्यादेला पोचला तो १ कोटी ६९ लाख ६० हजारांवर. त्याआधीचा हिवाळी नीचांक १९८६ चा. त्याच्याहीपेक्षा हा दहा लाख चौरस किलोमीटरनं कमी. नेहमीच्या सरासरीशी ताडून बघितलं तर साडेसतरा लाखांची तूट. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे साडेपाच महाराष्ट्र मावतील एवढा बर्फ त्या वर्षी गोठलाच नाही. २०२४ आणि २०२५ चे उन्हाळेही तळाच्या रांगेतच राहिले.

का? २०२२ च्या बेलिंग्सहाउझेनपुरतं बोलायचं तर ला निना आणि दक्षिण ध्रुवाभोवती फिरणारे वारे, या दोघांनी मिळून उबदार हवा त्या बाजूला ढकलली. हो, तीच ला निना, जिचं नाव आपण पावसाच्या अंदाजात ऐकतो. पण वारे दरवर्षी बदलतात, आणि तूट मात्र बरीच वर्षं टिकून आहे. त्यामुळे खालून तापलेल्या समुद्राकडे बोट दाखवणारे शास्त्रज्ञ वाढलेत. त्यात बर्फाची स्वतःची एक वाईट खोड आहे. पांढरा बर्फ ऊन परत पाठवतो, काळं पाणी ते पिऊन टाकतं. बर्फ कमी तर पाणी जास्त, पाणी जास्त तर उष्णता जास्त. हे चक्र एकदा सुरू झालं की त्याला बाहेरून ढकलायची गरज उरत नाही.

पेंग्विन यावर काहीच करत नाहीत असंही नाही. वेडेल समुद्राच्या काठची हॅली बे ही एकेकाळी जगातली दुसऱ्या क्रमांकाची वसाहत. २०१६ मध्ये तिथला बर्फ वादळात फुटला आणि पुढे सलग तीन हंगाम जवळजवळ एकही पिल्लू वाढलं नाही. पण त्याच काळात जवळच्या डॉसन-लॅम्बटन वसाहतीची संख्या कितीतरी पटींनी वाढली. पक्षी घर बदलतात. प्रश्न एवढाच, की सगळीकडचाच बर्फ लवकर फुटायला लागला तर बिऱ्हाड हलवायचं कुठे? फ्रेटवेल यांच्या चमूनं जून २०२५ मध्ये आणखी एक हिशेब मांडला. अंटार्क्टिक द्वीपकल्प, वेडेल आणि बेलिंग्सहाउझेन या पट्ट्यातल्या सोळा वसाहतींमध्ये २००९ ते २०२४ या पंधरा वर्षांत २२ टक्के घट. आणि २०२१ मधल्या एका अभ्यासानं प्रारूप मांडून सांगितलंय, की उत्सर्जन आहे तसंच चालू राहिलं तर २१०० पर्यंत ९८ टक्के वसाहती जवळपास संपलेल्या असतील. हा आकडा पोस्टरवर छापायला सोपा आहे. पण तो अंदाज आहे, आणि त्याच अभ्यासात असंही आहे, की पॅरिस कराराचं उद्दिष्ट पाळलं तर नुकसान बरंच कमी होईल. २२ टक्के हा मात्र अंदाज नाही, ती मोजणी आहे. मला विचाराल तर तोच जास्त झोप उडवणारा आकडा आहे.

मोजणाराच गेला तर?

आता थोडं राजकारण. समुद्री बर्फाचे हे सगळे आलेख ज्या उपग्रहांवरून येतात, ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे हवामान उपग्रह. ते सूक्ष्मलहरी टिपतात, त्यामुळे ढग असो वा सहा महिन्यांची रात्र, बर्फ दिसतो. सेंटिनेलसारख्या साध्या कॅमेऱ्याला अंधारात काहीच दिसत नाही. जून २०२५ च्या अखेरीस अचानक जाहीर झालं, की ही माहिती अवघ्या काही दिवसांत बंद होणार. जगभरातून ओरड झाली. मग मुदत जुलैअखेरपर्यंत वाढली आणि शेवटी निर्णय मागे घेतला गेला. पण ते उपग्रह आता म्हातारे झालेत. ही मालिका चालवणाऱ्या कोलोरॅडोतल्या नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटरनं जपानी उपग्रहाच्या माहितीकडे वळायची तयारी सुरू केली. योगायोग असा, की ज्या दिवसांत अमेरिकेतून ही बातमी आली, त्याच दिवसांत, २९ जूनला, जपाननं त्याच कामाचा पुढच्या पिढीचा संवेदक अवकाशात सोडला.

यात काय एवढं, असं वाटेल. एक मीटर गेला, दुसरा लावला. पण घरातलं वीज मीटर बदलल्यावर पहिली दोन बिलं आपण किती संशयानं बघतो! दोन संवेदक काही काळ सोबत चालवून, त्यांची मापं एकमेकांशी जुळवून घ्यावी लागतात. नाहीतर पन्नास वर्षांच्या आलेखात एक पायरी दिसते आणि ती बर्फाची आहे की यंत्राची, यावर लोक पुढची दहा वर्षं भांडत बसतात. काही दिवसांची नोटीस या कामाला पुरत नाही. हवामानबदल नाकारायला हल्ली कुणी वाद घालत नाही. मोजणं थांबवलं की भागतं.

आणि दुसरीकडे नेमकं ‘पुरावा कमी आहे’ म्हणूनच गाडं अडलंय. अंटार्क्टिकावर कुणाची मालकी चालत नाही. १९५९ च्या करारानुसार मतदानाचा हक्क असलेले २९ देश दरवर्षी बसतात आणि सगळ्यांचं एकमत झालं तरच निर्णय होतो. २०२२ मध्ये बर्लिनच्या बैठकीत एम्परर पेंग्विनला ‘विशेष संरक्षित प्रजाती’ करायचा प्रस्ताव आला. चीननं अडवला. म्हणणं असं, की अजून संशोधन व्हायला हवं. त्याच वर्षी अमेरिकेनं मात्र स्वतःच्या कायद्याखाली एम्पररला ‘धोक्यात’ ठरवलं. एम्परर अमेरिकेत राहत नाही हा भाग वेगळा.

चीनचं म्हणणं मला पटत नाही. पण विरुद्ध बाजूनंही एक कबुली द्यायला हवी, की असा दर्जा दिल्यानं बर्फ घट्ट होणार नाही. तो होईल कोळसा आणि तेल कमी जाळल्यावर. संरक्षणानं एवढंच होतं, की वसाहतींजवळ जहाजं, हेलिकॉप्टर, ड्रोन किती अंतरावर ठेवायचे यावर बंधनं येतात, पक्ष्यावरचा बाकीचा ताण कमी होतो. आणि बाकीचा ताण वाढतोच आहे. २०२३-२४ च्या हंगामात तिथे १ लाख २० हजारांहून जास्त पर्यटक जाऊन आले. बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू फेब्रुवारी २०२४ मध्ये खंडाच्या मुख्य भूमीवर पोचला. पेंग्विन, सील आणि देवमाशांचं खाणं असलेली क्रिल ही कोळंबीसारखी चिमुकली जीवजात माणूस जहाजांनी उपसतोय. २०२५ मध्ये ६ लाख २० हजार टनांची मर्यादा हंगाम संपायच्या आधीच गाठली गेली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला मासेमारी बंद करावी लागली. असं आधी कधी झालं नव्हतं. ही क्रिल जाते कुठे? बरीचशी माशांच्या खाद्यात आणि ‘क्रिल ऑइल’ म्हणून औषधाच्या दुकानातल्या कॅप्सूलमध्ये.

या टेबलावर भारत बसतो, आणि त्याला मत आहे, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं. ६ डिसेंबर १९८१ ला डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम निघाली ती गोव्यातून. १९८३ मध्ये आपल्याला सल्लागार देशाचा, म्हणजे मताचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत दोन बायका होत्या. भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरी जीवशास्त्रज्ञ अदिती पंत. पंत मूळच्या नागपूरच्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या. आज तिथे ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली दोन केंद्रं चालतात, आर्क्टिकमध्ये स्वालबार्डला ‘हिमाद्री’ आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळ्यातही आपली माणसं राहायला लागली. सगळ्याचा कारभार वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्रातून. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची माणसंही वर्षानुवर्षं मैत्रीवर जात आलीत. मे २०२४ मध्ये कराराची बैठक कोचीला झाली, तेव्हा पर्यटनावर नियम करण्यासाठी गट नेमला गेला, त्यात भारताचा पुढाकार होता.

पण मोजणीच्या बाजूनं आपलं सर्वांत मोठं पाऊल ३० जुलै २०२५ ला पडलं. श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ उडाला. इस्रो आणि नासाचा हा रडार उपग्रह ढगांतून, काळोखातून बघतो आणि दर बारा दिवसांनी त्याच जागेवर परत येतो. अंटार्क्टिकाचा बर्फ किती सरकला, कुठे तडकला, हे बघणं त्याच्या मुख्य कामांपैकी एक. माहिती सगळ्यांना मोफत. म्हणजे ‘पुरावा कमी आहे’ असं पुढच्या वेळी कुणी म्हणालं, तर उत्तराचा एक भाग आपल्या देशातून उडालेला असेल. ती माहिती वाचणारी पोरं आपल्या कॉलेजांतून किती निघतील, हा वेगळा प्रश्न. त्यासाठी पेंग्विन आवडायलाच पाहिजेत असं नाही. भूगोल, भौतिकशास्त्र, कम्प्युटर, संख्याशास्त्र, कुठलीही वाट तिकडे जाते. वास्कोचं केंद्र मोहिमांसाठी विद्यापीठांकडूनही प्रकल्प मागवतं, तुमच्या विभागाच्या नोटीस बोर्डवर ते कधी लागलं होतं का, एवढं विचारून बघा.

आणि तोवर, रात्री रील बघून झाल्या असतील तर एक करा. ‘कोपर्निकस ब्राउझर’ उघडा. बघायला पैसे लागत नाहीत, डाउनलोड करायचं असेल तर मोफत खातं काढावं लागतं. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या बुडाशी, पश्चिमेकडे, स्मायली बेट शोधा. उपग्रह सेंटिनेल-२, तारीख ऑक्टोबर २०२२ च्या अखेरची. ढग नसलेला दिवस मिळायला दोन-चार प्रयत्न करावे लागतील. बेटाच्या कडेचा पांढरा बर्फ झूम करत जा, तपकिरी डाग सापडेल. मग तारीख त्याच वर्षाच्या डिसेंबरच्या सुरुवातीची करा.